धोतर, फेटा आणि रंगसंगती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी पुरुषाच्या पोशाखाची गंमत पाहायची असेल तर आधी आपल्या क्रियापदांकडे पाहावे. धोतर आपण घालत नाही, नेसतो. सदरा घालतो. फेटा बांधतो, पगडी चढवतो, उपरणे घेतो आणि घोंगडी खांद्यावर टाकतो. टोपी आपण घालतो ती गोष्ट वेगळी. दुसऱ्याने घातली की मात्र महागात पडते! प्रत्येक वस्तूला वेगळे क्रियापद आहे, कारण प्रत्येक वस्तू वेगळी विकत घेतली जायची, वेगळ्या कारागिराकडून यायची आणि अंगावर आल्यावरच त्यांची जोडी जमायची. ती जमवायचे काम नेसणाऱ्याचे असे.

आता हे काम दुकानदार करतो. सांगलीच्या पेठेत कापडाच्या दुकानात माझी उभी हयात गेली. लग्नसराईत सांगली-सातारा पट्ट्यात फेटे बांधायलाही मी जातो. अलीकडची मुले दुकानात येतात आणि सरळ विचारतात, ‘काका, सेट आहे का?’ सेट म्हणजे नाडीचे शिवलेले धोतर, त्याच रंगाचा झब्बा, त्याच रंगाचे उपरणे आणि टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा तयार फेटा. सगळे मरून, नाहीतर सगळे मोरपंखी. फोटो छान येतो, यात वाद नाही. पण तो सेट लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कपाटात जातो, भाड्याचा असला तर दुकानात परत जातो, आणि त्या मुलाच्या अंगाला पुन्हा धोतर लागत नाही. असे का होते? माझ्या मते ते कपडे त्याने वेष म्हणून घातलेलेच नसतात. ते सोंग असते. सोंग एका दिवसाचे असते, वेष रोजचा असू शकतो. आणि या दोहोंत फरक पडतो तो बराचसा रंगांच्या मेळामुळे आणि बरोबरच्या लहानसहान वस्तूंमुळे. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

सुरुवात पांढऱ्यापासून करू. धोतर पांढरे असते, मग त्यात रंग कसला पाहायचा, असे कोणाला वाटेल. पण दुकानात या, मी आपल्याला दोन पांढरे दाखवतो. एक धुवट, नीळ दिलेला, डोळ्यांत भरणारा शुभ्र. दुसरा कोरा, साईच्या दुधासारखा किंचित पिवळसर. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण शुभ्र धोतरावर साईच्या रंगाचा सदरा घातला की सदरा जुना आणि मळका दिसतो. उलट साईच्या रंगाच्या धोतरावर निळीचा सदरा घातला की धोतर न धुतल्यासारखे दिसते. म्हणून पहिला नियम असा, की धोतर आणि सदरा एकाच पांढऱ्याचे असावेत. जोड घेताना दोन्ही कापडे दुकानाबाहेर उन्हात आणून शेजारी धरून पाहा. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पांढरे सारखे दिसतात.

आणखी एक गोष्ट, जी घरात कोणी सांगत नाही. तलम धोतरातून आतले दिसते. आत पट्ट्यापट्ट्याची रंगीत चड्डी असेल तर वरच्या साऱ्या रंगसंगतीवर पाणी पडते. आत पांढरेच घालावे.

दुसरा नियम काठाचा. धोतराला रंग असतो तो काठात. तांबडा, काळा, हिरवा, जांभळा, नाहीतर जरीचा. हा काठ जेमतेम बोटभर रुंद, पण समोरच्या निऱ्यांवर आणि सोग्यावर तोच दिसतो. म्हणून पोशाखातला बाकीचा रंग या काठातून उचलावा. काठ तांबडा असेल तर उपरण्याचा काठही तांबडा. जाकीट घालायचे असेल तर त्याच घराण्यातला एखादा गडद, विटकरी किंवा डाळिंबी रंग. काठ काळा असेल तर राखाडी किंवा काळे जाकीट. जुने वकील आणि शिक्षक धोतरावर काळा कोट आणि काळी टोपी घालत, त्यात हीच समज होती. काळ्याला काळ्याने जोड दिली, मधे पांढरे मोकळे सोडले.

हा विचार फक्त आपलाच आहे असे नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आणि आजही लोक त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. अशा फौजी गावांतल्या घरांना पाइप बँड नवा नाही, कारण आपल्या लष्करात अनेक पलटणींचे पाइप बँड आहेत. ही पिशवीची वाद्ये स्कॉटलंडच्या पलटणींकडून आपल्याकडे आली. त्या स्कॉटिश लोकांचा पोशाख म्हणजे किल्ट. पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या घातलेला, चौकटीच्या लोकरी कापडाचा घेर. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागते, आपल्या धोतराच्या दीडपटीहून अधिक. आता मौज पाहा. त्यांच्याकडे कापडच रंगीत, तरी नियम आपल्यासारखाच. पायातल्या लांब मोज्यांचा किंवा मोज्यांना लावायच्या फितीचा रंग त्या चौकटीतल्याच एखाद्या रंगातून घ्यायचा, आणि तोही शक्यतो मुख्य रंग सोडून दुसरा. चौकटीत बारीक तांबडी रेघ असेल तर फीत तांबडी. सदरा बहुधा पांढरा. चामड्याला चामडे जुळले पाहिजे, म्हणजे पट्टा, बूट आणि कमरेपुढे लोंबणारी पिशवी एका रंगाची. धातूला धातू जुळला पाहिजे, म्हणजे बक्कल रुपेरी तर बटणेही रुपेरी. सात समुद्रांपलीकडची माणसे, हवा वेगळी, कापड वेगळे, पण निष्कर्ष तोच. पोशाखात एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे.

आपल्याकडे बोलण्याचा मान फेट्याचा. साधारण आठ-नऊ मीटर कापड डोक्यावर चढते, त्याचा तुरा वर उभा राहतो, शेमला पाठीवर रुळतो. एवढा मोठा रंग अंगावर दुसरीकडे कुठेच नसतो. म्हणून फेटा भगवा, गुलाबी, लिंबाच्या रंगाचा, बांधणीचा, हवा तसा घ्या. पण मग खाली शांतता हवी. गुलाबी फेटा, निळे जाकीट, हिरवे उपरणे आणि पिवळा झब्बा अशी चौकडी एकत्र आली की चौघे एकदम बोलतात आणि ऐकणारा कोणीच उरत नाही. फेटा बहुरंगी असेल तर उपरणे पांढरेच ठेवावे. फेटा एकरंगी असेल तर उपरण्याच्या काठात तो रंग थोडा उतरला तरी चालतो. आणि उपरणे भरजरी हवेच असेल, तर फेटा साधा घ्यावा.

फेट्याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. सावळ्या मुलांच्या आया मला हळूच सांगतात, ‘याला जरा फिकाच बांधा, गडद शोभत नाही.’ हे खरे नाही. आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या, सावळ्या चेहऱ्यावर केशरी, गडद गुलाबी, कुंकवासारखा तांबडा रंग खुलतो तसा फारच थोड्यांना खुलतो. ओशाळवाणा दिसतो तो फिकट बदामी. माणदेशातले धनगर उगीच तांबडा फेटा बांधत नाहीत. उजाड माळावर पांढरे धोतर, खांद्यावर काळी घोंगडी आणि डोक्याला तो तांबडा रंग. लांबून मेंढरे दिसायच्या आधी माणूस दिसतो. त्यांचे गजी नृत्य पाहिले असेल तर आठवा. अंगावर पांढरे, डोक्याला फेटा, आणि हातात रंगीत रुमाल. ढोल वाजतो, हात हलतात आणि पांढऱ्यावर फक्त ते रुमाल उडत राहतात. रंग थोडा असला की तो हलताना दिसतो, हे या मंडळींना कोणी शिकवावे लागले नाही.

घोंगडीचा विषय निघाला म्हणून सांगतो. काळी घोंगडी ही दख्खनी मेंढीच्या नैसर्गिक काळ्या लोकरीची. तिला चिंचोक्याची खळ देतात. पांढऱ्या खादीवर खांद्याला काळी घोंगडी, ही कर्मवीर भाऊराव पाटलांची ओळख होती. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. दोनच रंग, तेही न रंगवलेले. त्यांचे चित्र एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

आता धातू. सदऱ्याला साखळीची बटणे, बोटात अंगठी, मनगटावर घड्याळ, कानात भिकबाळी आणि फेट्याला किंवा उपरण्याला जर. जर सोनेरी असेल तर बटणे सोनेरी, घड्याळही शक्यतो सोनेरी किंवा साध्या चामडी पट्ट्याचे. जर रुपेरी असेल तर चांदीची बटणे. बटणे खरी सोन्याचांदीची असावीत असे मुळीच नाही, मुलाम्याची चालतात. पण अर्धे सोने आणि अर्धी चांदी झाली की डोळा अडखळतो. भिकबाळीत मोती असतील तर मोत्यांचा दुसरा दागिना शक्यतो नको. नवरदेवाच्या मुंडावळ्या मोत्यांच्या असतात, तेवढे मोती पुरे.

चामडे तर आपल्या दाराशी आहे. धोतराखाली कोल्हापुरी चप्पल हवी, आणि कोल्हापुरी म्हटले तरी तिच्यावर आपलाही हक्क आहे. २०१९ साली या चपलेची भौगोलिक मानांकनाखाली नोंद झाली ती आठ जिल्ह्यांसाठी. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, आणि महाराष्ट्रातले कोल्हापूर, सोलापूर, सांगली, सातारा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला जो मधासारखा तपकिरी रंग येतो, तो पांढऱ्या धोतराखाली सर्वांत चांगला दिसतो. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीने अशाच धाटणीची चप्पल मंचावर आणली. सुरुवातीला मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही म्हणून केवढा गहजब झाला, आणि मग कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. त्यांना त्या चपलेचे मोल कळले. आपली मुले मात्र धोतराखाली पांढरे स्पोर्ट शूज घालतात. चप्पल तपकिरी, तर घड्याळाचा पट्टाही तपकिरी. काळा कोट आणि काळी टोपी असेल तर पायात काळे पंपशू. एवढे सांभाळले की झाले.

राहिला खिशाचा प्रश्न. स्कॉटिश माणसाच्या कमरेपुढची ती चामडी पिशवी शोभेची नाही. किल्टला खिसा नसतो म्हणून ती लागते. धोतरालाही खिसा नाही. म्हणून आपल्या आजोबांकडे दोन सोयी होत्या. पैसे कनवटीला, आणि पानतंबाखू चंचीत. चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. आता चंचीत घालायचे व्यसन नको, पण मोबाईल कुठे ठेवायचा? सदऱ्याच्या खिशात ठेवला की सदरा एका बाजूला ओढला जातो आणि उपरण्याची घडी बिघडते. यावर जाकिटाचा आतला खिसा हा चांगला उपाय. नाहीतर खणाच्या कापडाची छोटी पिशवी शिवून घ्यावी, काठाच्या रंगाला जुळणारी. हल्ली काही मुले असे करतात, आणि मला ते फार आवडते. जुन्या पोशाखात नव्या गरजेची सोय करता आली, की तो पोशाख जिवंत आहे असे समजावे.

आपण म्हणाल, एवढा काथ्याकूट कशासाठी? कोणी काय नेसावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण श्रोतेहो, तो नेहमीच ज्याचा त्याचा प्रश्न नव्हता. स्कॉटलंडमधल्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ साली कायदा करून तिथल्या डोंगरी पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. ती १७८२ साली उठली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्याच्या स्वागतात सर वॉल्टर स्कॉट यांनी हाच पोशाख मिरवला, आणि बंदीतला वेष थाटाचा झाला. आपल्याकडे असा कायदा करायला बाहेरच्या सरकारची गरज पडली नाही. आपल्या गावगाड्यात कोणाचे धोतर कुठवर यावे, कोणी नवे कापड घालावे, कोणी फेट्याचा शेमला सोडावा, हे जातीवरून ठरे. पोशाखावरून माणसाची पायरी ओळखली जाई, आणि ती ओळखता यावी अशीच व्यवस्था होती.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. त्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की ज्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात, ते सोडून द्या. कपडा अंगावर कसा घ्यायचा हा माणुसकीचा प्रश्न असतो, हे त्यांनी फार स्पष्टपणे दाखवले. म्हणून कोणी मला विचारले, ‘आमच्यात फेटा बांधत नव्हते, मी बांधला तर चालेल का?’ तर मी त्याला आधी पाटावर बसवतो. असे विचारणारे येतात अजून. फेट्यावर कोणा एकाची मालकी नाही, आणि कोणत्या रंगावरही नाही. भगवा, निळा, हिरवा, पिवळा, ज्याला जो आवडेल तो त्याने बांधावा. रंगाकडे पाहून पक्ष किंवा जात शोधायची सवय आपण मोडली पाहिजे.

साधेपणाचाही एक रुबाब असतो, आणि तो आपल्या भागाने पाहिला आहे. देवराष्ट्रेत जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९६२ साली संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते धोतर आणि टोपीसह. त्यांच्या पोशाखात रंग जवळजवळ नव्हता, नेटकेपणा मात्र पुरेपूर होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४२ नंतरच्या धामधुमीत गावोगाव कमी खर्चाची ‘गांधी लग्ने’ लावली. कर्ज काढून बस्ता बांधू नये, हा त्यामागचा हेतू. आज भाड्याच्या सेटवर आणि पन्नास जणांच्या एकसारख्या फेट्यांवर वधूपित्याचा जो पैसा जातो, तो पाहिला की त्या लग्नांची आठवण होते. मी फेटे बांधणारा असूनही सांगतो, सगळ्या वऱ्हाडाला फेटे हवेतच असे नाही. घरच्या चार माणसांना बांधा, आणि ते चांगले बांधा.

शेवटी काळजीविषयी दोन शब्द. आमच्या सांगलीची हळद प्रसिद्ध, आणि कऱ्हाड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाची पौषातली यात्राही प्रसिद्ध. तिथे भंडारा उधळला की पांढऱ्या धोतराचे पीतांबर होते. घरी आल्यावर माणसे त्यावर पहिल्यांदा साबण घासतात, आणि पिवळे डाग तांबडे होतात. घाबरून जाऊ नये. हळद क्षाराला लागली की तांबडी होते, हा तिचा गुणधर्मच आहे. धोतर आधी कोरडेच झटकावे, मग साध्या पाण्यात भरपूर खळबळून घ्यावे, साबण त्यानंतर लावावा आणि कडक उन्हात वाळवावे. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन-तीन वेळा ऊन दिले की बहुतेक डाग जातो. लग्नातल्या हळदीलाही हेच लागू.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून आपल्या पट्ट्यात सुताचे कापड विपुल आहे. तेव्हा माझा सल्ला असा. पहिल्यांदा एकच चांगले, न शिवलेले, बारीक रंगीत काठाचे सुती धोतर घ्या. त्याच पांढऱ्याचा सदरा घ्या, तो आपण पँटवरही घालू शकता. एक साधे उपरणे आणि एक तपकिरी कोल्हापुरी. फेटा नंतर. आठ दिवस घरी संध्याकाळी नेसून पाहा, कासोटा घट्ट बसतो की नाही, निऱ्या समोर सरळ पडतात की नाही, जिना चढता येतो की नाही. मग एखाद्या पाडव्याला, एखाद्या साध्या रविवारी देवळात किंवा मित्राकडे नेसून जा. लोक एकदा पाहतील, दोनदा पाहतील, तिसऱ्यांदा पाहणार नाहीत. त्या तिसऱ्या वेळी धोतर आपल्या अंगाचे झाले असे समजा. विणकराला, चांभाराला आणि घोंगडी करणाऱ्याला लग्नातल्या एका दिवसाच्या गिऱ्हाईकापेक्षा वर्षातून दहा वेळा नेसणारे गिऱ्हाईक हवे आहे.